वेंगुर्ला रोडची गटारी-मोऱ्या पावसाआधी मोकळ्या करूया, हातभार लावा

नमस्कार मंडळी, बाची, तुरमुरी, उचगाव, सुळगा, हिंडलगा आणि या रोडवरनं रोज बेळगावला ये-जा करणाऱ्या सगळ्यांना आमच्या गावच्या युवक मंडळाची कळकळीची विनंती आहे.

डांबर घालणं सरकारचं काम, ते त्यांनीच करायला पाहिजे, तसा अर्जबी दिलाय. पण डांबराला खातंय पाणी. कुठं शेताचा बांध गटारीवर आलाय, कुठं दुकानासमोर माती टाकून गटारच बुजवलंय, मोरीत प्लास्टिक अडकलंय, मग पाणी रोडवरच थांबतं, फटीतनं आत मुरतं, खालची खडी सैल होते आणि उसाची ट्रॉली गेली की झाला खड्डा. मागच्या जुलैत माझा चुलतभाऊ रात्री कामावरनं येताना पाण्यात खड्डा न दिसल्यामुळं पडला, हात मोडला, दोन महिने घरात बसून होता. अशा गाड्या दर पावसाळ्यात पडालेत.

हा रस्ता आजचा नाही बघा. रेल्वे यायच्या आधी बेळगावचं बंदर म्हणजे वेंगुर्ला, डचांनी 17व्या शतकात वखार घातली होती तेच. तिथनं आंबोलीचा घाट चढून मीठ-नारळाच्या बैलगाड्या इकडं यायच्या. 1880च्या दशकात रेल्वे आली, बंदराचा माल घटला, रस्ता मात्र चालूच राहिला. चंदगड तालुका तर 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता, आता बाची संपलं आणि शिनोळी आली की राज्य बदलतं, पण तिकडची माणसं अजून बाजाराला, दवाखान्याला इकडंच येतात आणि सोयरीक तर दोन्हीकडं, म्हणून चंदगडच्या पाव्हण्यांनीबी यावं असं मनापासून वाटतं.

येत्या रविवारी सकाळी 7 वाजता उचगाव फाट्यावर जमायचं, कुदळ, खोरं, बुट्टी जे असेल ते घेऊन या. जेसीबीचं एक दिवसाचं भाडं, साइडपट्टीला मुरूम आणि शेतवाटांखाली घालायला सिमेंटचे पाइप एवढ्यासाठी पैसे लागणार आहेत, वाटांखाली पाइप नाहीत म्हणून तिथंच पाणी तुंबतं. देणगी मंडळाच्या खजिनदाराकडं द्या, पावती घ्या, जमा-खर्च देवळातल्या फळ्यावर लावू. पैसे जमत नसतील तर कामाला येणाऱ्या पोरांसाठी भाकरी-आमटी करून दिली तरी लई होईल.

आणि रोडला लागून शेत असणाऱ्या काका-मामांनो, यंदा नांगरताना गटारीची जागा तेवढी सोडा.