मीठ कमी करा, आयोडीन कमी करू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या आरोग्य पुरवणीतला मिठावरचा लेख वाचला आणि राहवलं नाही. आपण मीठ गरजेपेक्षा बरंच जास्त खातो, ते दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आणावं, इथवर लेख योग्यच आहे. पण पुढच्याच परिच्छेदात ‘आयोडीनचं मीठ बंद करा, सैंधव वापरा’ हा सल्ला कुठून आला? रक्तदाब वाढतो तो सोडियमने, आणि सैंधव म्हणजेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. मग रक्तदाबाच्या माणसाने मीठ बदलून मिळवायचं काय?

माझ्या सुनेने असाच एक लेख वाचून घरातलं मीठ बदललं. तेव्हा तिला दिवस गेले होते. मी परोपरीने सांगितलं, तर उत्तर ठरलेलं, ‘आई, पेपरात आलंय.’ सातपुड्याच्या पायथ्याशी आरोग्यसेविका म्हणून नोकरी केलेल्या सासूपेक्षा छापलेलं खरं! पुढे तपासणीत थायरॉइड (आयोडीनवर चालणारी गळ्यातली ग्रंथी) बिघडलेलं निघालं, गोळ्या सुरू झाल्या. ते मिठामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, त्याची कारणं अनेक असतात. पण डॉक्टरीणबाईंनी ‘घरात मीठ कोणतं?’ असं विचारलं, तेव्हा पोरीचा चेहरा उतरला. तिने काय चुकीचं केलं होतं? छापलेल्यावर विश्वास ठेवला, एवढंच. गरोदरपणात आयोडीनची गरज रोजच्या १५० मायक्रोग्रॅमवरून २५० वर जाते, बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते. तुमच्या अख्ख्या लेखात गरोदर बाईचा उल्लेखही नाही.

आम्ही घरोघरी मीठ तपासायचो. आठवडे बाजारातून आणलेल्या खडे मिठावर किटमधला थेंब टाकला की ते बहुतेकदा पांढरंच राहायचं, पाकिटातलं आयोडीनमुळे जांभळं व्हायचं. तो रंग डोळ्यांनी पाहिला की बायकांना वेगळं समजवावं लागत नसे. वैद्यकीय संशोधक डॉ. रामलिंगस्वामींनी १९५६ पासून आजच्या हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात एका भागाला साधं आणि दोन भागांना आयोडीनचं मीठ देऊन पाहिलं. गलगंड (आयोडीन कमी पडल्याने गळ्याला येणारी सूज) कमी झाला तो आयोडीन मिळालेल्या भागांत. तरीही २००० साली केंद्राने साध्या मिठाच्या विक्रीवरची बंदी उठवली, आणि २००६ मध्ये ती पुन्हा लागू करावी लागली. आता तुम्ही तोच घोळ घरोघरी पोहोचवताय.

दुकानातल्या मिठात किलोमागे निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे. म्हणजे १० ग्रॅम मिठातून १५० मायक्रोग्रॅम. मीठ निम्म्यावर आणलं की त्यातून मिळणारं आयोडीनही निम्मं होतं. अशा वेळी उरलेलं मीठ तरी आयोडीनचं हवं की नको? तेही सैंधवाने बदलायला सांगता?

येत्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत याचा खुलासा छापावा, तोही थायरॉइडच्या तज्ज्ञाकडून लिहून घेऊन.

आणि पुरवणीचा मजकूर फिकट रंगावर करड्या अक्षरांत का छापता? आमच्या वयाच्या वाचकांना तो दिव्याखाली धरूनही वाचता येत नाही. त्याच पानाखालची गुलाबी मिठाची जाहिरात मात्र ठळक काळ्या अक्षरांत होती.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, शहादा