उत्तर पाठ होते, अहवाल मात्र निघेना

महोदय,

आपल्या पुरवणीत सायबर सुरक्षेतील नोकऱ्यांवरचा लेख वाचला. त्याच पानावर एका क्लासची जाहिरात होती: 'पास होण्याची हमी, परीक्षेतले हुबेहूब प्रश्न मिळतील.' मी नाशिकमध्ये गेली ११ वर्षे संध्याकाळी मुलांना फायरवॉल, म्हणजे संगणकांच्या जाळ्यात होणारी ये-जा तपासून नको ती अडवणारी यंत्रणा, शिकवते. ती जाहिरात पाहून मन अस्वस्थ झाले, म्हणून हे पत्र.

पालो आल्टो या कंपनीच्या फायरवॉलच्या प्रमाणपत्रासाठी मुले जे सराव-प्रश्न घोकतात, त्यांत एक असा: कस्टम रिपोर्ट, म्हणजे आपल्याला हवा तसा अहवाल, करताना कोणत्या दोन प्रकारचे डेटाबेस निवडता येतात? उत्तर आहे समरी डेटाबेस (गोषवारा) आणि डिटेल्ड लॉग्ज (तपशीलवार नोंदी). दोन नावे, एक गुण. माझ्या एका विद्यार्थ्याने ते असेच पाठ केले होते. माझ्याकडचा सराव अर्ध्यावर सोडून तो अशाच एका क्लासला गेला, पास झाला आणि पुण्यात रात्रपाळीला लागला. एकदा रात्री साडेअकराला त्याचा फोन आला, "मॅडम, रिपोर्ट काढला, पण साहेबांना हवा तो कॉलमच यादीत नाही." दुपारच्या दहा मिनिटांत एका संगणकावरून झालेली प्रत्येक जोडणी साहेबांना सुटी सुटी हवी होती. याने डेटाबेस निवडला होता समरी.

माझे वडील लासलगावला कांद्याच्या व्यापाऱ्याकडे दिवाणजी होते. दिवसाचा गोषवारा पाहून मालक खूश व्हायचे. पण एखाद्या शेतकऱ्याच्या ट्रॉलीचे वजन चुकले की रोजकीर्दच उघडावी लागे. इथेही तेच आहे. फायरवॉल तपशीलवार नोंदी दर १५ मिनिटांनी गोळा करून गोषवारा बनवतो, सारख्या जोडण्या एकत्र करून पुढे फक्त आकडा वाढवतो आणि काही रकाने गाळून टाकतो. म्हणून तो अहवाल झटपट निघतो. महिन्यात कोणत्या ॲपने किती डेटा ओढला हे पाहायला तो उत्तम. डिटेल्ड लॉग्जमध्ये प्रत्येक नोंद सगळ्या रकान्यांसह असते, पण वेळ फार लागतो. मेनूत त्या नावापुढे 'स्लोअर' असे लिहिलेलेच आहे. त्यामुळे खरोखर गरज असेल तेव्हाच आणि कालावधी आखूड ठेवून तो काढायचा. फोनवर हे सगळे सांगेपर्यंत साडेबारा वाजले. पोरगा रडवेला झाला होता.

हा तास किरकोळ नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. नोंदी जपलेल्या असूनही त्यातून नेमके काय काढायचे हे समोरच्याला माहीत नसेल, तर त्या ६ तासांतले किती तास असे वाया जाणार?

मुलांना मी दोष देत नाही. परीक्षेची फी हजारोंच्या घरात, घरी कर्ज. हमीचा शब्द कोणालाही ओढतोच. पण क्लासवाल्यांनी निदान एकदा तरी मुलांकडून एकाच तासाच्या वाहतुकीचा अहवाल दोन्ही डेटाबेसमधून काढून घ्यावा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवावेत. अर्ध्या तासाचे काम आहे. आणि आपणांस विनंती, 'हुबेहूब प्रश्न' देणाऱ्यांच्या जाहिराती छापू नयेत. चोरलेल्या प्रश्नपत्रिकेची जाहिरात दहावी-बारावीसाठी आपण कधीच छापली नसती.

— एक प्रशिक्षिका, नाशिक