ताई, तुम्ही आधी तोंड मोजायला लावलंत

ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. तुमच्याशी बोलताना आभार मानायला लागलो की तुम्ही "ते राहू दे, अमोनिया तपासला का?" म्हणून विषय बदलता. इथे तुम्हाला ते जमणार नाही.

माझा प्रश्न साधा होता. तळ्यात मोठे कोई, म्हणजे शोभेचे रंगीत कार्प मासे आहेत, त्यांच्यात कोई आणि गोल्डफिशची लहान पिल्लं कशी सोडायची? तुमच्याआधी ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी निम्म्यांनी मत्स्यन्याय ऐकवला आणि उरलेल्यांनी "सोडून द्या, जगायची ती जगतील" असं सांगितलं. तुम्ही उत्तर दिलंच नाहीत. उलट मलाच विचारलंत, "सगळ्यात मोठ्या माशाचं तोंड केवढं आहे?"

खाद्य टाकताना मग मी पहिल्यांदा नीट बघितलं. कोईच्या जबड्यात दात नसतात, ते असतात घशात. तोंड नळीसारखं पुढे येतं आणि समोरचं पाणी आत ओढून घेतं. पाण्याबरोबर दाणा येतो, शेवाळ येतं, अळी येते, तसं पिल्लूही येतं. पिल्लावर त्याचा राग नसतो, तो मुद्दाम पाठलागही करत नाही. तोंडात मावलं ते आत गेलं, इतकाच हिशोब. तो एकदा समजला की "पिल्लं किती महिन्यांची झाली की सोडू?" हा प्रश्नच उरत नाही. तुम्ही आणखी एक बारकावा सांगितलात, तो मला कुठेच वाचायला मिळाला नव्हता: लांबीवर जाऊ नका, अंगाचा घेर बघा, कारण मासा गिळला जातो तो लांबीच्या दिशेने. सडपातळ पिल्लू लांब असलं तरी आत सरकतं. बोटाएवढं झालं की आपण त्याला बोटुकली म्हणतो आणि निर्धास्त होतो, पण ६० सेंटिमीटरच्या कोईपुढे बारीक बोटुकली म्हणजे घासच. ८-१० सेंटिमीटर आणि अंगाने भरलेलं, असं तुमचं माप. तेही तळ्यातल्या सगळ्यात मोठ्या तोंडाशी ताडून.

पण आभार मानायचे ते खरं तर पुढच्या गोष्टीसाठी. लहानांना मोठ्यांपासून कसं वाचवायचं एवढाच विचार मी करत होतो. तुम्ही म्हणालात, "आणि मोठ्यांना लहानांपासून?" मला ते आधी गमतीचं वाटलं. मग तुम्ही कोई हर्पिसबद्दल सांगितलंत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हा विषाणूजन्य रोग पहिल्यांदा लक्षात आला. साधारण १६ ते २८ अंशांच्या पाण्यात तो उफाळतो, कल्ले सडवतो, तळंच्या तळं रिकामं करतो, आणि त्यावर औषध नाही. वाचलेला मासा वरून ठणठणीत दिसत असला तरी विषाणू बाळगून असू शकतो. गोल्डफिश या रोगाने आजारी पडत नाहीत, पण त्यांच्या अंगावरही हा विषाणू आढळला आहे. म्हणजे चार बोटांचं एक गुटगुटीत पिल्लू वर्षानुवर्षं सांभाळलेल्या माशांचा घात करू शकतं, आणि हे मोठ्या माशाच्या तोंडाइतकं डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून वेगळी टाकी. किमान चार आठवडे, आणि पाणी २४ अंशांच्या आसपास, म्हणजे विषाणू असलाच तर त्याने तिथेच डोकं वर काढावं. थंड पाण्यात तेवढेच आठवडे ठेवून काही कळत नाही, हे तुम्ही तीनदा बजावलंत ते बरं झालं. पांढऱ्या ठिपक्यांच्या परजीवीचंही तसंच: २५ अंशांना त्याचं चक्र आठवड्याच्या आत पुरं होतं, गार पाण्यात तेच लांबत जातं. शिवाय औषध लागू पडतं ते तो पाण्यात मोकळा पोहत असतानाच, कातडीखाली दडलेला असताना नाही. त्यामुळे ठिपके गेले की औषध बंद, हा हिशोबही चुकीचा.

नवीन टाकीची गाळणी मुरायला पाच-सहा आठवडे लागतात, तोवर माशांच्या शरीरातून पाण्यात येणारा विषारी अमोनिया कोण खाणार, हा माझा पुढचा प्रश्न. तुमचं उत्तर: तळ्याच्या गाळणीतला स्पंजचा तुकडा टाकीत आणा, त्यातले जिवाणू काम सुरू करतील. तळ्यातून टाकीत काहीही येऊ दे, टाकीतून तळ्यात काहीही जायचं नाही, ओली जाळी नाही, बादली नाही, तो स्पंजही नाही. हा एकेरी रस्ता मी टाकीवर कागद चिकटवून लिहून ठेवला होता, घरच्यांनी त्याची यथेच्छ थट्टा केली.

पिल्लं ज्या पिशवीतून येतात तिच्याबद्दलही लिहायलाच हवं. ती बंदच १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवायचं, हे सगळेच सांगतात. तुम्ही त्यामागचं कारण सांगितलंत. लांबच्या प्रवासात माशांच्या श्वासातून पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा सामू (पीएच) उतरतो, आणि त्यामुळेच साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू उडून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून उघड्या पिशवीत थेंबथेंब पाणी सोडत तासभर बसायचं, ही मला सुचवली गेलेली मायाळू पद्धत लांबून आलेल्या माशांना मारकच. उघडलं की मासे उचलून टाकीत सोडायचे आणि पिशवीतलं पाणी फेकून द्यायचं.

टाकीतल्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. एवढंच, की पिल्लांमध्येच एखादं भराभर वाढतं आणि भावंडांनाच खाऊ लागतं हे तुम्ही आधी सांगितलं नसतंत, तर मी दोष चतुराच्या अळ्यांना दिला असता. (त्या अळ्याही पिल्लं खातात, पण त्या तळ्यात. माझ्या टाकीत एकही नव्हती.) ती दोन आडदांड पिल्लं वेगळी काढली आणि बाकीची निवांत झाली.

तळ्यात सोडायच्या आधी हापा लावायचा तुमचा सल्ला मला जास्तीचा वाटला होता, खरं सांगतो. बारीक जाळीचा चौकोनी पिंजरा, तळ्यातच बुडवलेला, पिल्लं आत आणि कोई बाहेर. पहिल्या दिवशी सगळे कोई जाळीला तोंडं लावून होते. नंतर त्यांचा रस संपला. हे कुतूहल जाळीबाहेर ओसरावं यासाठीच तो खटाटोप होता, हे तेव्हा कळलं. पुढचं तुमच्या बरहुकूम: मोठ्यांना आधी पोटभर खायला घातलं, उजेड उतरल्यावर जाळी उघडली, आणि सगळी पिल्लं एकदमच सोडली, म्हणजे त्रास कुणा एकाच्या वाट्याला येणार नाही. पंपाच्या तोंडावर स्पंज, एका कोपऱ्यात पाणवनस्पतींची दाटी. खाद्य दोन टोकांना, एकीकडे मोठे दाणे आणि दुसरीकडे चुरा. पहिले काही दिवस पिल्लं दिसलीच नाहीत, तर तुम्ही "शोधू नका, लपली आहेत म्हणजे शहाणी आहेत" असं लिहून मला गप्प केलंत.

आणि निम्मी पिल्लं देऊन टाका म्हणालात, तेव्हा मला वाईट वाटलं होतं. पण पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. मासे मात्र उष्णतेत जास्त श्वास घेतात. आज दिसणाऱ्या पिल्लांची नाही, उद्याच्या मोठ्या माशांची संख्या मोजा, हे तुमचं म्हणणं पटायला मला वेळ लागला. दिली निम्मी. चांगल्या तळ्यात गेली आहेत.

आता एक शंका, आभाराच्या पत्रातच. गोल्डफिशची पिल्लं अजून तपकिरीच आहेत, त्यांचं मी समजू शकतो, रंग फिरायला महिने लागतात आणि काहींचा फिरतच नाही. पण त्यांतल्या एकाला मिशा आहेत. गोल्डफिशला नसतात, कोईला दोन जोड्या असतात, आणि याला मला एकच जोडी दिसते, तीही अगदी बारीक. दोघांचा संकर होतो हे तुमच्याकडूनच ऐकलं होतं. फोटो सोबत पाठवतोय. तुम्हाला काय वाटतं ते कळवा, घाई नाही.

कळावे, लोभ असावा.

तुमचा,
प्रश्न विचारून भंडावणारा