‘अल्पशा आजाराने’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन महिन्यांपूर्वी आपल्या दैनिकात माझ्या पत्नीच्या निधनाची चार ओळींची बातमी आली. ‘अल्पशा आजाराने’ असं त्यात छापलं होतं. चूक तुमची नाही. मजकूर आमच्या मुलाने दिला आणि सगळे देतात तसाच दिला. आजार १४ महिन्यांचा होता, पित्ताशयाचा कर्करोग. ही दुरुस्ती कळवायला बसलो, तर त्यातल्या शेवटच्या अडीच महिन्यांबद्दल जास्तच लिहावंसं वाटलं.

मी एसटीत ३१ वर्षं वाहक होतो. ‘आता केमो नको, घरी न्या’ असं डॉक्टरांनी सांगितल्यावर एका संस्थेचं पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करण्याचं, पथक सिडकोतल्या आमच्या घरी येऊ लागलं. दुखणं थांबवणारी मॉर्फिनची गोळी दर ४ तासांनी, सोबत पोट साफ व्हायचं औषध, कारण त्या गोळीने बद्धकोष्ठता होतेच. वेळापत्रक पाळणं हा माझा जन्माचा धंदा, ते जमलं. पण सिस्टरबरोबर आणखी एक ताई यायच्या, समाजसेविका. पिशवीत ना बीपीचं मशीन, ना औषध. मला वाटलं, आता देणगीचं पावतीपुस्तक निघणार.

ताईंनी आजाराचं काही विचारलंच नाही. कोपऱ्यातल्या शिलाई मशीनकडे बघून म्हणाल्या, “काकू, कुणाकुणाचं शिवायचं राहिलंय?” हिने २५ वर्षं ब्लाउज शिवले. कपाटात ११ कापडं पडून होती, प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली. गिऱ्हाइकं संकोचाने मागायला येत नव्हती, ही लाजेने बोलत नव्हती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. ताईंनी यादी केली आणि माझ्या हातात दिली. “काका, ही तुमची ड्युटी.” चार दिवस मी घरोघर फिरलो. आल्यावर हिशेब दिला, तेव्हा हिने मशीनवर चादर टाकायला सांगितली.

आम्ही हिला ‘पित्तात खडे आहेत’ एवढंच सांगितलं होतं. ताईंनी एकदा मला गॅलरीत पाठवलं आणि तिच्याशी एकट्याने बोलल्या. त्यांनी काही सांगितलं नाही, फक्त विचारलं, “तुम्हाला स्वतःला काय वाटतं?” संध्याकाळी हीच मला म्हणाली, “मला पहिल्यापासून ठाऊक आहे. तुम्हाला झेपायचं नाही म्हणून गप्प होते.” एकाच गाडीत शेजारी बसून आम्ही दोघं वेगवेगळ्या गावांचं तिकीट काढून बसलो होतो. सिन्नरला मावशीकडे ठेवलेला नातूही मग ताईंच्याच सांगण्यावरून परत आणला. तो ओल्या कापसाने आजीचे ओठ पुसायचा.

बँकेचंही सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. हिच्या मुदत ठेवीवर नॉमिनी म्हणून तिच्या आईचं नाव होतं. आई जाऊन १२ वर्षं झालेली. बँकेत खेटे घातले, उत्तर एकच, ‘खातेदाराला आणा.’ ताईंनी अर्ज लिहून दिला: ७० वर्षांवरचे ज्येष्ठ आणि दीर्घ आजारी यांना घरपोच सेवा द्यावी, अशी रिझर्व्ह बँकेची २०१७ ची सूचना आहे, सोबत डॉक्टरांचा दाखला. आठवड्यात बँकेचा माणूस घरी आला. सहीऐवजी अंगठा असेल तर दोन साक्षीदार लागतात, हेही ताईंनीच आधी सांगून ठेवलं. आणि घरी मृत्यू झाला तर अमरधामला जाण्याआधी डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, तर रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा, तो नंबर फ्रिजवर चिकटवून गेल्या. पहाटे तीनला तो लागला.

मी एकदा विचारलं, हे काम निघालं कुठून? तेव्हा कळलं की लंडनला १९६७ साली आधुनिक हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा करणारी जागा, सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, पाठीच्या दुखण्यामुळे रुग्णालयात समाजसेविका झाल्या, डॉक्टर त्यानंतर. समाजसेविका असतानाच भेटलेला एक पोलिश वेटर मरताना त्यांच्या कामासाठी ५०० पौंड ठेवून गेला. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन हे असंच हॉस्पिस १९८६ मध्ये सुरू झालं.

आता मुद्द्याचं. आमच्या ताईंचं ११ महिन्यांचं कंत्राट संपलं आणि निधी नाही म्हणून पुढे वाढलं नाही. संस्थेला दोष देत नाही. देणगीदार खाट देतात, गाडी देतात, कारण त्यावर नाव घालता येतं. ताईंच्या पगारावर पाटी कुठे लावणार? सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, पण त्यांचं टेबल रुग्णालयात. घरी पाठवलेल्या पेशंटकडे कोण जाणार? पथक मंजूर करताना डॉक्टर-नर्सबरोबर समाजसेवकाचं पद कायम आणि त्याचा प्रवासभत्ताही धरावा. ताई स्वतःच्या अ‍ॅक्टिव्हावर, स्वतःच्या पेट्रोलने इंदिरानगरपासून थेट दिंडोरीपर्यंत जात होत्या.

ताजा कलम: ११ पैकी १० कापडं पोचली. एक मोरपंखी कापड शिल्लक आहे, चिठ्ठीवर फक्त ‘पाटील वहिनी’ लिहिलंय. सिडकोत पाटील वहिनी शंभर तरी असतील. ज्यांचं असेल त्यांनी घेऊन जावं, अस्तरही सोबत आहे.

आपला,
एक निवृत्त वाहक, सिडको, नाशिक
(नाव-पत्ता संपादकांकडे)