आवाहन : प्लेटलेट दात्यांची यादी आणि रुग्ण साहाय्य निधी

सर्व रहिवासी, वर्गणीदार व हितचिंतकांना सप्रेम नमस्कार.

मे महिना तोंडावर आला. निम्मी वाडी कोकणात जाणार, कॉलेजे बंद होणार, आणि प्लेटलेटसाठी (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींसाठी) कार्यालयातला फोन वाजायला लागणार. म्हणून हे पत्रक घाईने काढत आहोत. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात.

आपल्या मंडळाने पहिले रक्तदान शिबिर घेतले ते गिरणी संपानंतर, मंडपाचेही पैसे नव्हते तेव्हा. तिसऱ्या मजल्यावरच्या कंडक्टर काकांनी खाटा गोळा केल्या होत्या. रक्तगट लिहिलेली लाल वही त्यांचीच. डबल ड्युटी करून आलेला माणूस रात्री अकराला दात्यांची दारे ठोठावायचा, आणि कोणी 'उद्या बघू' म्हणाले की तिथेच पायरीवर बसून राहायचा. खानावळवाल्या मावशींनी टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या फुटपाथवरच्या रुग्णांच्या नातेवाइकांना किती वर्षे डबे दिले, याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही, आम्हालाही ठेवू दिला नाही. पहिल्या चाळीतल्या निवृत्त शिक्षिकाबाई दर महिन्याच्या पेन्शनमधून न चुकता पाकीट पाठवतात. त्यावर नाव घालू नका असा दम असल्यामुळे इथेही घालत नाही. या मंडळींचे ऋण फिटणारे नाही.

आता मुद्द्याचे. शिबिराला आपल्याकडे रांग लागते, याचा अभिमान आहे. पण प्लेटलेट शिबिरातून साठवता येत नाहीत. रक्ताची पिशवी फ्रिजमध्ये महिनाभर टिकते. प्लेटलेट साध्या खोलीच्या तापमानाला, सतत हलवत ठेवूनही पाचच दिवस. ऑगस्टमधले शिबिर मे महिन्यातल्या पोराला उपयोगी पडत नाही. त्याला त्या दिवशी, त्याच्या रक्तगटाचा, चालता-बोलता माणूस लागतो.

ब्लड कॅन्सरच्या केमोनंतर अस्थिमज्जा (हाडांतला मगज) काही दिवस नव्या रक्तपेशी बनवत नाही. आपला प्लेटलेटचा काउंट दीड ते साडेचार लाख. या मुलांचा दहा हजारांच्या खाली जातो. हिरड्यांतून, नाकातून आपोआप रक्त येते, अंगावर जांभळे ठिपके उठतात, आणि मेंदूत रक्तस्राव झाला तर जिवावर बेततो. एसडीपीने, म्हणजे एकाच दात्याकडून मशीनने घेतलेल्या प्लेटलेटच्या पिशवीने, मोठ्या माणसाचा काउंट तीस ते पन्नास हजारांनी वाढतो. (डेंग्यूचा काउंट जरा उतरला की 'प्लेटलेट मिळवून द्या' म्हणून फोन येतात. डॉक्टरांनी मागितल्याशिवाय धावपळ करू नये. आणि हिमोफिलियात (रक्त न गोठण्याच्या जन्मजात आजारात) प्लेटलेट नव्हे, फॅक्टरचे, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे इंजेक्शन लागते, त्यासाठी केईएम रुग्णालयात जावे.)

गेल्या मे महिन्यात जालन्याकडच्या सात वर्षांच्या मुलासाठी वहीतल्या अकरा जणांना फोन केले. चौघे गावी, दोघे लग्नात, तिघांनी उचललाच नाही. एकाने सुई मोठी असते का विचारले आणि फोन ठेवला. एकाने भेटवस्तू काय आहे असे विचारले. शेवटी नाक्यावरचे टॅक्सीवाले भैया गाडी स्टँडला लावून आले आणि दीड तास हात सरळ ठेवून बसले. आपल्या वर्गणीदारांच्या यादीत त्यांचे नाव नाही. हे लिहावे की नाही यावर कमिटीत वाद झाला. लिहिले आहे.

भीती बाळगू नये. एका हातातून रक्त मशीनमध्ये जाते, प्लेटलेट बाजूला निघतात, बाकीचे रक्त परत अंगात येते. ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सिस्टरना सांगावे, कॅल्शियमची गोळी देतात. ज्या रक्तगटाला जगभर 'बॉम्बे' म्हणतात, तो १९५२ मध्ये डॉ. भेंडे यांनी याच शहरात शोधला. त्या शहरात, टाटापासून हाकेच्या अंतरावर राहून आपण दाते शोधत फिरायचे?

दात्यांसाठी : वय १८ ते ६०, वजन ५० किलोच्या वर, काउंट दीड लाखाच्या वर (आधी तपासतात), तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी, उपाशी येऊ नये, पण वडापाव खाऊनही नको, तेलकटाने प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) दुधाळ होतो. ४८ तासांनी पुन्हा देता येतात, आठवड्यात दोनदाच, वर्षात २४ वेळा. नाव, रक्तगट, फोन आणि मे महिन्यात मुंबईत आहात की नाही, हे सगळे लिहून द्यावे. निधी नातेवाइकांचे जेवण, गाडीभाडे व एसडीपीच्या खर्चातल्या मदतीसाठी आहे. रोख किंवा चेक, कार्यालयात संध्याकाळी ७ ते ९, रविवारी सकाळीही. खाते क्रमांक फलकावर. छापील पावती घेतल्याशिवाय कोणाच्याही हातात पैसे देऊ नयेत. गावी जाणाऱ्यांनी निघण्याआधी नोंद करावी.

आपला नम्र,
सचिव (कमिटीकरिता)

ता. क. : लाल वहीची मधली पाने पावसात भिजली आहेत. बी निगेटिव्ह आणि एबी निगेटिव्हवाल्यांनी, पूर्वी नाव दिले असले तरी, पुन्हा द्यावे.