बीबीएस अजून जिवंत आहे बाबा

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू हसलास, म्हणालास बीबीएस (बुलेटिन बोर्ड सिस्टिम, मॉडेमनं फोन लावून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर मेसेज वाचायचे-लिहायचे ते) आता कोण वापरतं, मॉडेम तर कधीच भंगारात गेले. तेव्हा धड सांगता आलं नाही म्हणून लिहितोय. लांबण लागणार आहे, सहन कर.

पहिलं म्हणजे आता फोनची लाइन लागत नाही. बहुतेक बोर्ड टेलनेटवर, म्हणजे इंटरनेटवरून नुसता मजकूर पाठवायच्या जुन्या पद्धतीवर चालतात, सिंकटर्म नावाचा फुकट प्रोग्राम टाकला की आत. काही हट्टी मंडळी तर जुन्या कमोडोर ६४ कॉम्प्युटरला छोटा वायफाय मॉडेम लावतात, डायल करायची कमांड तीच एटीडीटी, फक्त नंबराच्या जागी इंटरनेटचा पत्ता. बिचाऱ्या मशिनला वाटतं आपण फोनच लावतोय!

सुरुवात तुला ठाऊकच असेल. १९७८ च्या जानेवारीत शिकागोत बर्फाचं वादळ, वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस घरात अडकले, एकानं सॉफ्टवेअर लिहिलं, दुसऱ्यानं हार्डवेअर जुळवलं, आणि १६ फेब्रुवारीला सीबीबीएस हा पहिला बीबीएस सुरू. एक लाइन, एका वेळी एकच माणूस, बाकीच्यांना एंगेज टोन. मॉडेमचा वेग ३०० बॉड, म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं, ८० बाय २५ चा भरगच्च स्क्रीन उमटायला मिनिटाच्या वर. दोघंही आता नाहीत, रँडी २०१९ ला गेला, वॉर्ड २०२४ ला.

लोक म्हणतात तेव्हा सगळं सावकाश होतं म्हणून माणसं विचार करून लिहायची. मला नाही पटत. भांडणं तेव्हाही कडाक्याची व्हायची. माझ्या मते खरी गोष्ट सिसॉपची, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्याची आहे. बोर्ड त्याच्या घरातल्या मशिनवर, नियम त्याचे, मेनू त्याच्या आवडीचा, आणि तू आत असताना त्याला वाटलं तर तो सरळ स्क्रीनवर येऊन गप्पा मारायला लागतो. तू वापरणारा नसतोस रे, पाहुणा असतोस. म्हणूनच रोज जेमतेम चारदोन लोक आले तरी हे लोक बोर्ड बंद करत नाहीत.

आणि नुसतं जुनं जपणं नाहीये हे. सिंक्रोनेट हे बोर्ड चालवायचं सॉफ्टवेअर १९९१ पासून आहे आणि रॉब स्विंडेल त्यात अजून कोड लिहितोय. एनिग्मा हाफ हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर तर चक्क नोड जेएस या आजकालच्या तंत्रावर बनवलंय. फायडोनेट हे बोर्डांना जोडणारं नेटवर्क टॉम जेनिंग्जनं १९८४ ला काढलं, बोर्ड रात्री कॉल स्वस्त झाले की एकमेकांना फोन करून मेसेजेसचे गठ्ठे द्यायचे-घ्यायचे, दूरच्या माणसाचं उत्तर यायला दिवस लागायचे. ते नेटवर्क आजही चालू आहे, फक्त गठ्ठे आता इंटरनेटवरून जातात. १६ रंग आणि जुन्या डॉसच्या २५६ अक्षरांत चित्रं काढणारे आन्सी आर्टिस्ट आजही नवे आर्टपॅक (चित्रांचे संच) काढतात, एकेक चित्र स्क्रोल करत खाली जावं तर संपतच नाही. तुझ्यासारख्या चित्रं काढणाऱ्यानं हे बघायलाच हवं.

एक गंमत सांगतो. सिसॉप लोकांची आजची डोकेदुखी म्हणजे बॉट, आपोआप चालणारे प्रोग्राम. टेलनेटच्या २३ नंबर पोर्टवर ते दिवसरात्र धडका मारतात, कॅमेरे आणि राउटर हॅक करायला निघालेले असतात आणि येऊन आपटतात बोर्डावर. म्हणून काही ठिकाणी आत शिरताना आधी दोनदा एस्केप दाबायला सांगतात, माणूस दाबतो, बॉट तसाच बाहेर राहतो.

आता तुझ्या कामाचं. लॉर्ड आठवतो का, लीजेंड ऑफ द रेड ड्रॅगन, सेथ रॉबिन्सनचा १९८९ चा डोअर गेम, बोर्डाच्या आतच खेळायचा? जंगलातल्या मारामाऱ्या दिवसाला ठरावीकच, कोटा संपला की उद्या या. एकच लाइन असायची ना, एकजण तासन् तास अडवून बसला तर बाकीच्यांनी करायचं काय. आता लाइनची अडचण राहिली नाही तरी तो कोटा कुणी काढलेला नाही आणि काढूही नये, कारण सगळ्यांना उद्या परत यावंच लागतं आणि त्या निमित्तानं चार मेसेज वाचले जातात.

तर सिंकटर्म टाकून घे, एक हँडल ठरव (तुझं कॉलेजातलं टोपणनाव नको, प्लीज), मी बोर्डाचा पत्ता वेगळा पाठवतो. नवीन आलेल्याला सिसॉप स्वतः अप्रूव्ह करतो, एखादा दिवस लागेल, चिडू नकोस. आणि लॉर्डमध्ये लेव्हल वाढव लवकर, रात्री खोली न घेता मैदानात झोपलास तर मी मारणार आहे तुला.

तुझा,
अव्या