न पेटलेल्या ओएलईडीलाही गुण द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एमएस्सीचे विद्यार्थी प्रकल्पासाठी ओएलईडी (सेंद्रिय पदार्थांच्या अतिपातळ थरांतून उजेड देणारा दिवा) बनवू लागले आहेत, याचा मनापासून आनंद वाटतो. पण तोंडी परीक्षेत त्यांना एकच विचारले जाते: 'पेटला का?' नसेल पेटला तर का, हा खरा प्रश्न. तो कुणी विचारत नाही.

टँग आणि व्हॅन स्लाइक या संशोधकांनी १९८७ साली कोडॅक कंपनीत बनवलेल्या दिव्याचे दोन सेंद्रिय थर मिळून जेमतेम १३५ नॅनोमीटर होते. एक मायक्रॉनचा, म्हणजे हजार नॅनोमीटरचा, धुळीचा कण त्याच्या सातपट जाड! असा कण थरात अडकला की वरचा धातू खालच्या काचेवरील आयटीओला (वीज वाहणाऱ्या पारदर्शक थराला) भिडतो आणि शॉर्ट होतो. उलटा व्होल्टेज देऊन पाहा. धड दिवा करंट जवळपास घेत नाही. शॉर्ट झालेल्याचा व्होल्टेज-करंट आलेख दोन्ही बाजूंना सरळ रेषेत जातो.

म्हणून सगळा जीव काच धुण्यात ओता. साबणाचे पाणी, डिस्टिल्ड वॉटर, ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल. प्रत्येकात दहा मिनिटे अल्ट्रासोनिक बाथ, मग पंधरा मिनिटे यूव्ही-ओझोन (अतिनील किरण आणि ओझोनने सफाई). शेवटी काचेवर पाण्याचा थेंब टाका. सपाट पसरला तर काच तयार, मण्यासारखा उभा राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. (या चाचणीची काच वेगळी ठेवावी.) आयटीओवर द्यायचे पेडॉट (वीजवाहक पॉलिमरचे द्रावण) ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळूनच घ्यावे आणि थर दिल्यावर १२० अंशांवर पंधरा मिनिटे तापवावे. ते हवेतली ओल ओढते, त्यामुळे पुढचा थर उद्यावर ढकलू नये.

दिवा पेटला आणि काही तासांत त्यावर गोल काळे डाग वाढू लागले, तर दोष बहुधा ओलाव्याचा. ॲल्युमिनियमच्या थरातल्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ आत शिरते, धातू सेंद्रिय थरापासून सुटतो, तेवढा भाग विझतो. पावसाळ्यात कोकणातल्या प्रयोगशाळेत हे फार लवकर दिसेल. ग्लोव्ह बॉक्समधून (ओलावा आणि ऑक्सिजन दूर ठेवणाऱ्या बंद पेटीतून) बाहेर काढण्याआधीच इपॉक्सी लावून वर काच चिकटवायला हवी.

ग्लोव्ह बॉक्स नसलेल्या महाविद्यालयांनी रुथेनियम संयुगाचा थर आणि वर गॅलियम-इंडियमचा द्रवरूप मिश्रधातू घेऊन सुरुवात करावी. चार-पाच व्होल्टला नारिंगी-लाल उजेड मिळतो. फक्त अहवालात त्याला ओएलईडी म्हणू नये. त्यात आयन सरकतात, तो प्रकाश देणारा विद्युतरासायनिक सेल आहे.

विद्यापीठांना विनंती, की मूल्यमापनाच्या तक्त्यात 'बिघाडाचे निदान' असा रकाना घालावा आणि उलट व्होल्टेजचा आलेख व डागांची सूक्ष्मदर्शकाखालची छायाचित्रे पाहून त्याचे गुण द्यावेत.

आपला,
पदार्थविज्ञानाचा एक शिक्षक, पुणे